घरचा कुत्रा : काठीने की शाबासकीने?

आपल्या खेड्यांतून असे घर विरळाच, की ज्याच्या ओट्यावर किंवा गोठ्याच्या दाराशी एखादा कुत्रा पडलेला नसतो. तो कोणी विकत आणलेला नसतो. गवताच्या गंजीच्या आडोशाला कुत्री व्यालेली असते. मुले त्यातले एक पिल्लू सदऱ्यात लपवून घरी आणतात. आई दोन दिवस रागावते, आजी तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दूधभात ठेवते, आणि चौथ्या दिवशी त्याला नाव मिळते. तेव्हापासून तो घरचा होतो. रात्री तो जागतो, खळ्याची राखण करतो, रानडुकराची चाहूल लागताच भुंकून घर उठवतो, आणि मुलांना शाळेच्या वळणापर्यंत पोहोचवून परत येतो.

असा हा बिनपगारी सेवक. परंतु त्याच्या शिक्षणाचा विचार घरात क्वचितच होतो. नव्या खोंडाला नांगराची सवय लावताना आपला शेतकरी किती धीर धरतो! त्याला जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपतो, पाठीवरून हात फिरवतो, दमला की सोडतो. कुत्र्याच्या वाट्याला मात्र ‘हाड्!’ हा एक शब्द आणि कोपऱ्यातली काठी एवढेच शिक्षण येते. आम्हीही याला अपवाद नव्हतो. किंबहुना हा लेख लिहिण्याचे कारण आमची स्वतःची एक चूक आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका लहानशा धर्मग्रामात आमची नेमणूक होती. तेथे मिशनच्या आवारात मोत्या नावाचा तांबूस रंगाचा एक गावठी कुत्रा होता. राखणीला तो पक्का होता. त्याच्यात दोष एकच : तो जेवत असताना ताटलीजवळ कोणी गेले की तो गुरगुरे. अन्नदात्यावर गुरगुरणे हा उर्मटपणा होय, असे आम्हांस वाटले. आणि उर्मटपणावर छडी हा उपाय आम्ही लहानपणी स्वतःच्या तळहातावर शिकलो होतो. मोत्या गुरगुरला की छडीचा एक फटका, असा नेम आम्ही धरला. पंधरा दिवसांत त्याचे गुरगुरणे थांबले. आम्ही स्वयंपाक्याला अभिमानाने म्हणालो, “पाहिलेस? शिस्त लागते ती अशी.”

त्याच वर्षी फेस्ताच्या दिवशी आवारात मुले खेळत होती. पाच वर्षांच्या एका मुलाचा चेंडू घरंगळत मोत्याच्या ताटलीजवळ गेला. मूल चेंडू उचलण्यास वाकले, आणि मोत्याने हू की चू न करता त्याच्या हाताचा चावा घेतला. मुलाची आजी प्रसंगावधानी. तिने त्याचा हात नळाखाली धरून साबणाने चांगला पाव तास धुतला, आणि मग त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. सर्व इंजेक्शने वेळच्या वेळी झाली, जखम भरली. व्रण मात्र राहिला.

संध्याकाळी मुलाचा बाप आला. तो आमच्यावर रागावेल, अशी आमची अपेक्षा होती, आणि तसा त्याला अधिकारही होता. परंतु तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, “फादर, आमच्या घरीपण कुत्रा आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, एवढं माझ्या पोराला कळतं. हा गुरगुरला कसा नाही?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नव्हते असे म्हणण्यापेक्षा, उत्तर ठाऊक होते आणि ते तोंडातून निघत नव्हते, असे म्हणणे अधिक खरे होईल.

गावात दोन मते पडली. काहींचे म्हणणे, कुत्र्याला पोत्यात घालून घाटापलीकडे सोडून यावे. काहींनी त्याहूनही वाईट सुचवले. आम्ही मोत्याला बांधून ठेवले, दवाखान्यातून सांगितल्याप्रमाणे दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवले, आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावले. सर्व हकीकत ऐकून ते शांतपणे म्हणाले, “फादर, तुम्ही कुत्र्याची भीती घालवली नाहीत, तुम्ही फक्त घंटेचा दोर कापलात. आता आग लागली तर गावाला कळणार कसे?”

मग त्यांनी उलगडा केला. आपल्यापुढचे अन्न कोणी काढून घेईल, या भीतीने कुत्रा गुरगुरतो. माणूस ताटलीजवळ आला आणि छडी बसली, म्हणजे माणसाचे येणे वाईटच, ही त्याची समजूत अधिक दृढ होते. फक्त बोलून दाखवण्याची त्याला बंदी होते. मग एके दिवशी तो न बोलता चावतो. गुरगुरणे हा गुन्हा नव्हे. ती कुत्र्याने दिलेली प्रामाणिक सूचना होय. तेवढ्यावर थांबावे, मागे सरावे, आणि त्याला भीती कशाची वाटते ते शोधावे.

संशोधन काय सांगते

त्या दिवसापासून आम्ही या विषयावरील जे जे वाचावयास मिळाले ते वाचले. काठीचे शिक्षण जुने आहे आणि त्याला जाणत्या लोकांचाही आधार होता. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर जे पुस्तक लिहिले, त्यात बक्षिसाला जागा असली तरी सक्तीवर भर होता; आणि पुढे कित्येक वर्षे पोलीस व सैन्यातील कुत्री तशाच रीतीने तयार होत.

दुसरी वाटही तितकीच जुनी आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, ज्या कृतीचे फळ गोड ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. रशियाचे इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण त्याच कामात त्यांना दिसले की, अन्न येण्याची खूण मिळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अन्न पुढे यावे लागत नाही, खूण पुरते. १९५१ साली बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांना कसे शिकवावे यावर एक सोपा लेख लिहिला. त्याचे सार असे की, योग्य कृती घडताच क्षणाचाही विलंब न लावता एक ठरावीक आवाज करावा आणि लगेच खाऊ द्यावा. कुणाही गृहिणीला हे करता येईल.

कोणी म्हणेल, “कुत्रा हा लांडग्याच्या जातीचा. त्याला धाक दाखवून आपण कळपाचे नायक आहोत हे पटवले पाहिजे.” हा समज १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून जे लिहिले, त्यातून पसरला. परंतु कोंडवाड्यात एकत्र टाकलेले अनोळखी लांडगे आणि रानातले लांडगे यांत फार अंतर आहे. डेव्हिड मेक या संशोधकांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात हाच समज मांडला होता. पुढे रानातील लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्यावर १९९९ साली त्यांनीच तो दुरुस्त केला. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. तेथे नायक म्हणजे बाप. स्वतःचे मत चुकले असे जाहीर सांगणाऱ्या विद्वानाविषयी आम्हांस आदर वाटतो.

आणखी एक समज घरोघरी आहे : “चूक केली हे त्याला कळते, पाहा, कसा मान खाली घालून बसला आहे!” न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. धन्याने मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला आहे की नाही, याच्याशी त्या ओशाळ्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. संबंध होता तो धन्याच्या रागावण्याशी. ज्याने काही खाल्लेले नव्हते तो कुत्राही धनी रागावला की तसाच ओशाळा दिसे. म्हणजे सकाळी फाडलेल्या चपलेबद्दल दुपारी मार दिला, तर कुत्रा चपलेविषयी काही शिकत नाही. धन्याविषयी मात्र शिकतो.

२०२० साली पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. हिसके, धाक व शिक्षा यांवर भर असलेल्या शाळांतील कुत्र्यांच्या वागण्यात आणि लाळेच्या तपासणीतही ताण अधिक आढळला. बक्षिसाने शिकणाऱ्या कुत्र्यांत तो कमी होता. आणि २०२१ साली अमेरिकेतील प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने आपले मत स्पष्ट मांडले की, सर्व कुत्र्यांना बक्षिसाच्या रीतीनेच शिकवावे. वर्तनाचा दोष असलेल्या कुत्र्यांनाही.

पहिला धडा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. त्यासाठी महागडी साधने नकोत. उकडलेल्या अंड्याचे, कोंबडीच्या हाडे काढलेल्या मांसाचे किंवा भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये. ते त्याला विषासमान आहेत. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघतात व आतड्याला इजा करतात.

कुत्रा किंचित भुकेला असताना त्याच्यापुढे उभे राहावे. खाऊचा तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकाजवळ न्यावा, आणि हात हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा. तुकड्याकडे पाहताना त्याची मान वर जाते आणि बूड आपोआप जमिनीला टेकते. टेकताक्षणी ‘शाब्बास!’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. त्या क्षणाला फार महत्त्व आहे. दोन पळांनी उशीर झाला, कुत्रा उठून उभा राहिला, आणि मग खाऊ दिला, तर तो उठण्याचेच बक्षीस समजेल. दहा-बारा वेळा असे झाल्यावर हात हलविण्याआधी ‘बस’ हा शब्द उच्चारावा. कुत्र्याचे अंग बुडाशी दाबून त्याला बसवू नये. दाबलेला कुत्रा प्रतिकार करावयास शिकतो, बसावयास नव्हे.

धडा पाच मिनिटांपेक्षा मोठा नसावा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. त्याला जमेल अशा कृतीवर धडा संपवावा. धडा पक्का झाला म्हणजे खाऊ दर वेळी देण्याचे कारण नाही. कधी द्यावा, कधी नुसती पाठ थोपटावी. शाबासकीचा शब्द मात्र कधी चुकवू नये. त्याला पैसे पडत नाहीत, तरीही आपण तो फार जपून वापरतो.

घरात एकच शब्द

आमच्या ओळखीच्या एका घरी तक्रार होती की कुत्रा मठ्ठ आहे. आम्ही तासभर ओट्यावर बसून पाहिले. आजी त्याला म्हणे ‘बैस’, मुलगा ‘खाली बस’, शाळेत जाणारी नात ‘सिट’, आणि कन्नड मुलखातून आलेली सून ‘कूतको’. बिचारा चौघांच्या तोंडांकडे पाहत उभा! सीमाभागातील माणसाला चार भाषा येतात हे त्याचे भूषण आहे. पण कुत्र्याला एका कामासाठी एकच शब्द द्यावा. घरातील सर्वांनी रात्री जेवताना शब्द ठरवून घ्यावेत : बस, ये, थांब, सोड. नियमही एकच असावा. बाबा ओसरीवर चढू देतात आणि आई चपलेने हाकलते, असे असले तर दोष कुत्र्याचा नव्हे.

हाक आणि घरची सवय

‘ये’ हा शब्द आम्ही सर्वांत मोलाचा मानतो; रस्त्यावर भरधाव मोटार येत असताना तोच कुत्र्याचा प्राण वाचवतो. म्हणून या शब्दाशी वाईट आठवण कधी जोडू नये. हाक मारून जवळ बोलावले आणि कान पिळला, असे एकदा जरी झाले तरी पुढच्या वेळी तो लांबूनच पाहत उभा राहील. प्रथम अंगणात चार पावलांवरून हाक मारावी, आला की तोंड भरून कौतुक करावे. मग अंतर वाढवावे. तो उशिरा आला तरी रागावू नये. तो आला हे खरे.

पिल्लू घरात घाण करते तेव्हा त्याचे नाक त्यात घासण्याची दुष्ट चाल अजून आहे. त्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर विधी करू नये. मग ते पलंगाखाली जाते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला बाहेर ठरावीक जागी न्यावे, तेथे काम झाले की शाबासकी द्यावी. घरात चूक झालीच तर मुकाट्याने फडका घ्यावा.

अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला गुडघा मारू नये. पाठ फिरवावी व बोलू नये. चारही पाय जमिनीवर आले की लगेच वळून कौतुक करावे. खेळता खेळता दात लावणाऱ्या पिल्लाशी खेळ तत्क्षणी थांबवावा. या दोन्ही उपायांत शिक्षा इतकीच की, त्याला हवी असलेली आपली संगत काही क्षण मिळत नाही. आणि ती पुरते.

कुत्रा दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणे हे भुंकण्याचे व चिडखोरपणाचे मोठे मूळ आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याविरुद्धच्या १९६० सालच्या कायद्यानेही जनावराला मारहाण करणे, फार आखूड वा जड साखळीला गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हे गुन्हे ठरवले आहेत.

पिल्लू आणताना

अमेरिकेतील स्कॉट व फुलर या संशोधकांनी कुत्र्यांवरील आपला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार नाजूक असतात, असे त्यांना आढळले. या दिवसांत जे माणूस, जे जनावर, जो आवाज त्याच्या गोड ओळखीचा होतो, त्याची भीती त्याला बहुधा जन्मभर वाटत नाही. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये. आणि घरी आणल्यावर त्याला मुले, म्हातारी माणसे, गुरे, सायकल व छत्री हे सारे हळूहळू, खाऊ देत देत दाखवावे. तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती चुकवू नये. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून ताबडतोब दवाखाना गाठावा. हळद, चुना वा मिरची लावीत बसू नये.

“पण आमचा कुत्रा गावठी, तो काय शिकणार?” असे कोणी विचारील. जातीचा अभिमान माणसांत वाईट, तसा कुत्र्यांतही. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि २०१६ साली भारतीय सैन्याने मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी मेरठला नेली. त्यापूर्वीही तो तोच कुत्रा होता. फक्त कोणी त्याला शिकवून पाहिले नव्हते. बसणे, येणे, थांबणे आणि सोडणे एवढे तर कोणताही निरोगी गावठी कुत्रा काही आठवड्यांत शिकतो.

मोत्याचे काय झाले?

वाचक हे विचारतीलच. दहा दिवस संपल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही नवा नेम धरला. मोत्या जेवत असता दहा पावलांवरून जावयाचे, अंड्याचा तुकडा त्याच्याकडे फेकावयाचा आणि न थांबता पुढे निघून जावयाचे. आठवड्याला एखादे पाऊल जवळ. कुठे त्याचे अंग ताठ झाले की आम्ही पुन्हा दोन पावले मागे सरू. एके दिवशी तो पुन्हा गुरगुरला, आणि आम्हांस खरोखर आनंद झाला. घंटेला दोर परत आला होता. तीन महिन्यांनंतर आमची चाहूल लागली की तो ताटलीतून तोंड वर काढून शेपटी हलवू लागला.

तरीही तो जेवत असताना कोणी, आणि मुलांनी तर मुळीच, त्याच्याजवळ जाऊ नये, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. निजलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याच्या वाटेस जाऊ नये, हे प्रत्येक घरी मुलांना शिकवले पाहिजे. आणि लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, मग तो कितीही गरीब असो.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि बापाची व मुलाची क्षमा मागितली. चूक कुत्र्याची नव्हती, आमची होती, हे घरच्या सर्वांसमोर सांगितले. बाप म्हणाला, “फादर, घरी मीपण तेच करतो. कुत्र्याला, आणि कधी कधी पोरांनापण.” यावर आम्ही उपदेश केला नाही, उपदेश करण्याचा अधिकार त्या दिवशी आमच्याकडे नव्हता. पण काही महिन्यांनी त्या घरावरून जाताना अंगणात तो मुलगा आपल्या कुत्र्यासमोर उभा असलेला दिसला. चिमटीत भाकरीचा तुकडा, आणि व्रण असलेला हात कुत्र्याच्या डोक्यावरून हळूच मागे जात होता. कुत्रा बसला. ‘शाब्बास!’ हा शब्द मात्र मुलाच्या आधी ओसरीवर बसलेल्या बापाच्या तोंडून निघाला.

पवित्र शास्त्रातील टोबीतच्या ग्रंथात तरुण टोबियास दूरच्या प्रवासास निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही निघतो, एवढेच लिहिले आहे. त्याने काय पराक्रम केला, हे लिहिलेले नाही. तो बरोबर गेला आणि बरोबर परत आला. आपल्या ओट्यावरचा कुत्राही आपल्याकडे याहून अधिक काही मागत नाही. आज संध्याकाळी काठी आढ्याला खोचून ठेवावी, भाकरीचा एक तुकडा हाती घ्यावा, आणि पाच मिनिटे त्याच्यासाठी काढावी.